रिसेल फ्लॅटचा छापील करारनामा : परिशिष्टात मार खातो

एजंटांकडे मिळणारा तयार मसुदा मालकी, हप्ते, सोसायटीची एनओसी यांत चोख असतो. सामानाबद्दल मात्र एकच ओळ, ‘फिटिंगसह’. भांडणं तिथूनच सुरू होतात. वेगळं काही ठरलं नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 8 नुसार कुलपं, किल्ल्या, दारं, खिडक्या आणि कायम वापरासाठीच्या वस्तू घराबरोबर जातात. एसी, गिझर, चिमणीचं नाव त्यात नाही. स्क्रूवर टांगलेला गिझर कायमचा की सुटा? दोन्ही बाजू ठाम असतात.

टोकन देण्याआधीच सामानाची खोलीवार यादी मसुद्याला परिशिष्ट म्हणून जोडून घ्या: कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, फोटो, दोघांच्या सह्या. नुसतं ‘स्प्लिट एसी’ लिहिलं तर तांब्याचा पाइप, स्टॅबिलायझर निघून जातात. इन्व्हर्टरची बॅटरीही वेगळी लिहा, ती हमखास सुटते. विक्रेता जे नेणार त्यालाही अट हवी: गिझर काढला तर अँगल कॉकला (भिंतीतल्या पाण्याच्या छोट्या नळाला) प्लग, पंख्याच्या उघड्या वायरींना टेप, चिमणीच्या भोकाला झाकण. पाइप गॅसचा मीटर कंपनीचा, तो यादीत नको. जोडणीचा नावबदल तेवढा करून घ्या.

ताब्यापर्यंत थोडी रक्कम राखून ठेवायचं कलम या मसुद्यांत सहसा नसतं. ते आग्रहाने घालून घ्या, आणि प्रत्येक वस्तू चालू करून पाहिल्यावरच ती रक्कम सोडा.