भाकरीविना डबा : राजारामपुरीतील एका डबासेवेचे परीक्षण

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून घरपोच येणाऱ्या एका कमी-कर्बोदक डबासेवेचे जेवण मी काही आठवडे घेतले. सोबतच्या पत्रकावर ‘शरीराला कर्बोदकांची गरजच नाही’ असे ठळक छापलेले असते, आणि मटणाचे ताट भाकरीशिवाय पुरे न होणाऱ्या या गावात असे छापायला धाडस लागते.

चवीबद्दल तक्रार नाही. सुके मटण मऊ शिजलेले असते, तांबड्या रश्शावर तवंग बेताचा असतो, आणि खसखस, तीळ व नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा तर मुळातच वाटीने प्यायचा असल्यामुळे या डब्यात सर्वांत सहज शोभतो. किसलेल्या फ्लॉवरला भात म्हणणे मात्र त्यांनी थांबवावे.

पत्रकातील विधान निराधार नाही. काही अमिनो आम्ले आणि मेदाम्ले आहारातूनच मिळावी लागतात. तसे एकही कर्बोदक अत्यावश्यक ठरलेले नाही. तांबड्या रक्तपेशींना ग्लुकोज लागतेच, परंतु यकृत आणि मूत्रपिंडे ते लॅक्टेट, ग्लिसरॉल व अमिनो आम्लांपासून बनवतात, आणि कर्बोदके दीर्घकाळ मिळाली नाहीत तर मेंदूही आपली बरीचशी गरज मेदापासून यकृतात बनणाऱ्या कीटोनवर भागवतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मेंदूच्या ग्लुकोज-वापरावरून प्रौढांसाठी दिवसाला १३० ग्रॅम कर्बोदकांची शिफारस केली खरी, पण प्रथिने व मेद पुरेसे असल्यास जगण्यापुरती किमान मात्रा शून्य असू शकते, असेही त्याच अहवालात नमूद केले.

मात्र तगून राहणे आणि वर्षानुवर्षे निरोगी राहणे यांतील अंतराबद्दल पत्रक गप्प आहे. भाकरी गेली की पिष्टाबरोबर तंतूही जातात. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम सुचवते. ही उणीव मेथी, शेपू, अंबाडी यांनी बरीच भरून निघाली असती, आणि त्यांत कर्बोदकेही थोडीच असतात; तरीही डब्यात काकडीच्या चार फोडी आणि क्वचित एखादी पालेभाजी, एवढेच येते. बद्धकोष्ठाची तक्रार करणाऱ्या ग्राहकाला ‘पाणी वाढवा’ हे उत्तर पुरेसे नाही.

याहून गंभीर बाब म्हणजे नोंदणी करताना पत्ता आणि तिखटाचे प्रमाण विचारतात, चालू औषधे विचारत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीने कर्बोदके एकाएकी तोडली आणि मात्रा तीच ठेवली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा व्यक्तीने मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा डबा सुरू करू नये.