फॉस्फर ब्राँझच्या नावाने पितळ गळ्यात मारलं: २६,६८१ रुपयांचा चुना

मॉडेल इंजिन (छोटं, पण खरंच चालणारं इंजिन) घरी बनवायला ठरलेल्या ग्रेडच्या सळ्या लागतात. त्यांच्या ‘ग्रेडेड मटेरियल सेट’साठी २६,६८१ रुपये आगाऊ भरले. हातात आलं पितळ, साधं माइल्ड स्टील, भंगारातून ओतलेलं बीड (ओतीव लोखंड) आणि खिडक्यांच्या चौकटीला वापरतात ते ॲल्युमिनियम. हा विक्रेता मुंबई-ठाण्यात घरच्या लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) काम करणाऱ्यांना अजूनही सेट विकतोय, म्हणून आकड्यांसकट लिहितोय.

पद्धत जुनीच. व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळख, पहिला छोटा व्यवहार चोख, मग मोठ्या ऑर्डरचे पैसे आगाऊ. पहिली ऑर्डर होती २५ मिलिमीटर व्यासाच्या, १०० मिलिमीटर लांब ब्राँझच्या तुकड्याची, ६३७ रुपयांची. तो तुकडा ओळखीच्या कारखान्यात, धातूतले घटक मोजणाऱ्या एक्सआरएफ गनखाली धरला होता. कथिल दहा टक्क्यांच्या आसपास, जस्त नाममात्र. माल अस्सल होता. एवढी खात्री करून पुढे गेलेल्या माणसाला कुणी भोळा म्हणू नये.

आणि अशा विक्रेत्याकडे वळावं का लागतं, तेही ऐका. मुंबईच्या गुलालवाडी धातूबाजारात ब्राँझ मिळतं, पण फूटभर तुकडा मागितला की उरलेल्या सळीचं काय करू म्हणतात, नाहीतर कटपीसच्या ढिगातला तुकडा देतात, ज्याचा ग्रेड देणाऱ्यालाही ठाऊक नसतो. दारूखान्याच्या लोखंडबाजारात ईएन २४ (निकेल-क्रोमियमचं कणखर पोलाद) मागा, अख्खी सळी घ्या म्हणतील. फ्लॅटच्या बाल्कनीत लेथ असलेल्या माणसाने ती ठेवायची कुठे? त्यामुळे लांबीला कापून, टेस्ट सर्टिफिकेटसह घरपोच देणारा भेटला की बरं वाटतंच. नेमकी हीच गरज तो हेरतो.

एका सेटचं बिल असं. फॉस्फर ब्राँझ ३२ बाय ३०० मिलिमीटर, २.१२० किलो, दर १,२५०: २,६५० रुपये. बीड ६० बाय ३००, ६.११० किलो, दर २१०: १,२८३.१०. ईएन २४ चाळीस बाय ३००, २.९६० किलो, दर २९०: ८५८.४०. एचई १५ (तांबं मिसळलेलं मजबूत ॲल्युमिनियम) ७५ बाय २००, २.४७० किलो, दर ९८०: २,४२०.६०. बेरीज ७,२१२.१०, त्यावर १८ टक्के जीएसटी. सुटा सेट पाठवत नाही म्हणाला, म्हणून तीन. तिन्हीचे मिळून २५,५३०.८४ आणि कुरिअर १,१५०.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. पैसे भरायच्या आधी चार धातूंची चार सर्टिफिकेटं फोनवर आली. चारहींच्या उजव्या कोपऱ्यात हीट नंबर एकच होता. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. हीट नंबर म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवून ओतलेल्या मालाचा नंबर. ब्राँझ साधारण हजार अंशांना वितळतं, पोलाद दीड हजाराला, ॲल्युमिनियम साडेसहाशेच्या आसपास. हे सगळं एका हीटमधून निघणं त्रिकाळात शक्य नाही! चार पाने एकाखाली एक ठेवली असती तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. पण त्याच वेळी मेसेजवर मेसेज येत होते: “सर, कटिंगवाला साडेसहाला निघतो. पेमेंट आलं तरच आज मशीनला लावतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात.” अशा घाईत कुणीही घटकांचे आकडे बघतो, कोपऱ्यातला नंबर नाही. आणि घटक अगदी पुस्तकात असावेत तसे होते: ईएन २४ मध्ये निकेल १.५०, क्रोमियम १.२०, मॉलिब्डेनम ०.३०. हेही खटकण्यासारखंच आहे. खऱ्या स्पेक्ट्रोमीटरचे आकडे १.४३, १.१७ असे आडवेतिडवे असतात.

बिलावरचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होत होता. २४ म्हणजे गुजरात. पत्ता वसईच्या औद्योगिक वसाहतीतला. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर २७ ने सुरू होतो. नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. यूपीआयवर येणारं नाव त्याच्याशी जुळलं नाही तर एक रुपयाही पाठवू नका. “भाच्याचं खातं आहे, सर” हे उत्तर मलाही मिळालं.

बिलावर तिन्ही ब्राँझ सळ्यांचं वजन सारखंच, २.१२० किलो. करवतीने कापलेल्या सळ्या लांबीत मिलिमीटरभर कमीजास्त होतातच, आणि ३२ मिलिमीटर ब्राँझचा एक मिलिमीटर म्हणजे सात ग्रॅम. तीन तुकड्यांचं वजन तंतोतंत सारखं येणं कठीणच. वजन काट्यावर केलंच नव्हतं, कॅल्क्युलेटरवर केलं होतं.

माल आला तेव्हा सळ्यांच्या दोन्ही टोकांना जाड ऑइल पेंट, बाकी अंगाला काळपट तेल. टोकांना ग्रेडचा रंग लावायची रीत आहेच, म्हणून शंका येत नाही. पण कापलेलं टोक हीच धातूचा पोत आणि रंग दिसायची जागा. रंग दिसला की आधी तो खरवडा.

कामाला पहिलं बीड घेतलं, २२ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या भोकाच्या) लायनरसाठी, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या नळीसाठी. चांगल्या करड्या बिडाचा बुरा काळा आणि भुसभुशीत पडतो, टूल शांत चालतं. इथे वरची साल काढल्यावरही टूल मधेच किंचाळायचं आणि पुढे जाऊन पुन्हा गप्प. आत कडक गाठी होत्या. वेगवेगळं भंगार ओतून माल भरभर थंड केला की बिडातला कार्बन ग्राफाइट न होता कार्बाइड होतो आणि अशा गाठी पडतात. गाठीवर बोअरिंग बार (आतून कातणारं हत्यार) मागे रेटला जातो, पुढे सुटतो आणि बोअर वाकडा होतो. अशा लायनरमध्ये पिस्टनला ०.०२ मिलिमीटरचा गॅप द्यायचा कसा? लॅपिंगनेही (बारीक घासूनही) सुधारत नाही, कारण मऊ भाग आधी झिजतो आणि गाठ तशीच उभी राहते. त्याला कळवलं तर म्हणाला, “टूल बदला, साहेब. कार्बाइड वापरा.” माल परत घ्यायची मुदत तीन दिवस होती, ती तोवर संपली.

मग क्रँकच्या बुशसाठी (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या कडीसाठी) ब्राँझ चकात धरलं. पहिल्याच कटला सुईसारखा बारीक, पिवळाधमक बुरा अंगावर उडाला. फॉस्फर ब्राँझ असं कापलं जात नाही. ते चिवट असतं, रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) धरून ठेवतं, टूल तापवतं आणि ताजा कट तांबूस दिसतो. हे फ्री-कटिंग पितळ होतं, आयएस ३१९ वालं, नळाच्या फिटिंगचं. तेल कमी पोचतं अशा ठिकाणी, भरधाव फिरणाऱ्या क्रँकखाली पितळेचा बुश लवकर सैल होतो आणि कनेक्टिंग रॉड ठोकायला लागतो. क्रँकच माइल्ड स्टीलचा असेल तर पिनवरही ओरखडे पडतात. दोन्ही खोटे आले की इंजिन गेलंच म्हणा.

प्रयोगशाळेत चार नमुने दिले. एका नमुन्याचे १,२०० अधिक जीएसटी, एकूण ५,६६४ रुपये, तेही पदरचेच. ‘ब्राँझ’: तांबं ५८.१ टक्के, जस्त ३८.४, शिसं २.९, कथिल ०.२. ‘ईएन २४’: कार्बन ०.१९, निकेल ०.०३. ‘एचई १५’ मध्ये चार टक्क्यांवर तांबं हवं, निघालं ०.१.

एवढा खर्च न करता ब्राँझ-पितळ घरीच ओळखता येतं. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. ५० मिलिमीटरचा तुकडा कापून वजन करा. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबता धरा. तळाला-बाजूला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. आता दिसणारे ग्रॅम म्हणजे तुकड्याचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. माझा तुकडा ३४१.२ ग्रॅम, पाण्यात आकडा ४०.३. भागाकार ८.४७, म्हणजे पितळ. ब्राँझ असतं तर ८.८ च्या आसपास आलं असतं. ईएन २४ या रीतीने कळत नाही, घनता माइल्ड स्टीलएवढीच. तिथे कानस चालवून बघा: हार्डन-टेंपर केलेल्या (तापवून कडक केलेल्या) ईएन २४ वर कानस जड चालते, माइल्ड स्टीलमध्ये सहज रुतते.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याने सळी हातात फिरवली आणि म्हणाला, “अहो, पितळ काय नि ब्राँझ काय, माल तर मिळाला ना? हे सिव्हिल मॅटर आहे.” खोटं सर्टिफिकेट दाखवून पैसे उकळणं सिव्हिल कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) याचसाठी आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे सांगितलं तर सायबरला जा म्हणाले. १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं तर माल पोचलाय म्हणजे हा सायबर फ्रॉड नाही, ठाण्यात जा. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, खातं गोठवायला पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, गुन्हाच नोंदला नाही तर पत्र कसलं? १९१५ च्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली आणि ‘विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही’ असं लिहून बंद झाली. प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर तक्रार केली होती! प्रत्येक टेबलावर तीच कागदपत्रं, त्याच झेरॉक्स आणि तेच “रक्कम किरकोळ आहे हो.” किरकोळ कुणाला? असे पन्नास जण गाठले की तेरा लाख होतात, आणि पन्नासही जणांना हेच ऐकवून घरी पाठवतात. लॅबचा रिपोर्ट पुढे ठेवला तर तो कुणी उलटूनही पाहिला नाही.

ठाण्यात नोंद घेत नसतील तर तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तीच पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवा. तिथेही दाद नाही लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मी केली आहे. वसईच्या पत्त्यावरची नोटीस परत आली. त्या गाळ्यात प्लास्टिकच्या बरण्या बनतात.

तक्रार करायची असेल तर सगळा माल कापून संपवू नका. आयोग स्वतः नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून प्रत्येक सळीचा रंगासकट टोकाचा तुकडा बाजूला ठेवा, नाहीतर समोरचा म्हणणार की माल तुम्हीच बदललात. खोका उघडतानाचा व्हिडिओ एकसलग हवा, कुरिअरच्या चिठ्ठीपासून. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. त्याने त्याच्या बाजूचे मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला सुरुवात केली होती.

सध्या त्याची जाहिरात ‘टू-स्ट्रोक सेट’ म्हणून फिरतेय, ब्राँझचा दर तोच १,२५०. ऑर्डर द्यायच्या बेतात असाल तर चारही सर्टिफिकेटं मागवून हीट नंबर एकाखाली एक लिहून बघा, आणि प्रत्येक सळीचा काट्यावरचा फोटो मागा. मी मागितला तेव्हा त्याने मला ब्लॉक केलं.