चारचे पाच व्हीएफ करायला आधी शून्य: एसआर-आयओव्ही कार्डाचा काही महिन्यांचा अनुभव

एसआर-आयओव्हीत पीएफ म्हणजे मूळ कार्ड आणि व्हीएफ म्हणजे एकेका गेस्टला (व्हर्च्युअल मशीनला) देता येणारा त्याचा वाटा; याहून जास्त इथं उगाळत बसत नाही. कॉम्प्रेशन-एन्क्रिप्शनचं कार्ड घेऊन ते गेस्टमध्ये वाटायला निघालेल्याला ते ठाऊक असतंच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझं मुख्य दुखणं तिच्या एकटीचं नाही. सपोर्टची उत्तरं मात्र खास तिचीच.

परवा पाचवं गेस्ट उभं करायचं होतं. चार व्हीएफ चालू, चारही कामात. सिसएफएसमधल्या (लिनक्स आपल्या सेटिंग जिथं फाइलींच्या रूपात दाखवतं तिथल्या) 'एसआरआयओव्ही_नमव्हीएफएस' फाइलीत 4 होते, तिथं 5 लिहिले. उत्तर आलं, 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'. कर्नल लॉग उघडला तर एकच ओळ: चार व्हीएफ आधीच चालू आहेत, पाच हवे असतील तर ते आधी बंद करा. म्हणजे आधी शून्य लिहायचं, मग पाच. आणि शून्य लिहिणं म्हणजे चालत्या चारही गेस्टखालून कार्ड ओढून घेणं. एक भाडेकरू वाढला म्हणून अख्खी इमारत रिकामी करायची, त्यातली गत.

हा हट्ट लिनक्सचा नाही. पीसीआय-सिगच्या (पीसीआय कार्डांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेच्या) 2007 सालच्या स्पेसिफिकेशनपासूनच ठरलेलं आहे की 'व्हीएफ एनेबल' बिट बंद असतानाच व्हीएफची संख्या बदलायची. चालू असताना निदान वाढवू तरी द्यावी, एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही की सुचून सोडून दिली, देव जाणे.

सपोर्टला विचारलं. म्हणे, बूट होतानाच सगळे 16 करून ठेवा. वा! या कार्डात कामं घेणाऱ्या 64 रांगा आहेत आणि ड्रायव्हर त्या व्हीएफच्या संख्येनं भागतो. चार केले तर प्रत्येकाला 16, सोळा केले तर प्रत्येकाला 4. बारा व्हीएफ रिकामे बसले तरी त्यांच्या रांगा कुणाला मिळत नाहीत. आधीच पैसे मोजून घेतलेल्या कार्डाचा पाऊण भाग झोपवून ठेवायचा हा सल्ला. (व्हीएफ करण्याआधी ऑटोप्रोब (ड्रायव्हर आपोआप जोडण्याची सेटिंग) शून्य करा, नाहीतर होस्टचाच, म्हणजे मूळ मशीनचाच, ड्रायव्हर त्यांच्यावर जाऊन बसतो. हेही मला सपोर्टनं सांगितलं नाही.)

आता जे चांगलं आहे तेही सांगतो. गेस्टचं काम थेट कार्डाकडे जातं, हायपरव्हायजर (गेस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) मध्ये येत नाही, आणि कॉम्प्रेशनमध्ये जळणारे सीपीयूचे कोअर खरंच मोकळे झाले. आयओएमयू (कार्डानं कुठल्या मेमरीला हात लावायचा ते राखणारं हार्डवेअर) असल्यानं एका गेस्टचा डीएमए, म्हणजे कार्डाचं थेट मेमरीत वाचणं-लिहिणं, दुसऱ्याच्या मेमरीत शिरत नाही. एकदा एका गेस्टमधला ड्रायव्हर पार गोठला. मी फक्त त्याच्या व्हीएफला फंक्शन लेव्हल रीसेट (फक्त तेवढाच वाटा नव्यानं सुरू करणं) दिला. स्पेसिफिकेशनमध्ये त्याला 100 मिलिसेकंदांची मुदत आहे. इथं तर बाकी तिघांच्या लॉगमध्ये साधी कुरबुरही उमटली नाही. त्या दिवशी कार्डाला पैकीच्या पैकी दिले होते.

मग मेमरीचा हिशेब पाहिला. व्हीएफ गेस्टला जोडला की व्हीएफआयओ (लिनक्समधला कार्ड गेस्टला देणारा भाग) त्या गेस्टची सगळी रॅम पिन करतं, म्हणजे जागच्या जागी अडकवून ठेवतं, कारण मेमरीचं पान जागेवर नसलं (पेज फॉल्ट) तर हे कार्ड ते झेलू शकत नाही. आठ जीबीचं गेस्ट एक जीबीच वापरत असलं तरी आठही अडकले. बलूनिंग (गेस्टची न लागणारी रॅम परत घेणं), ओव्हरकमिट (असलेल्या रॅमपेक्षा जास्त वाटणं), काटकसरीचे सगळे मार्ग बंद. ज्या होस्टवर मी दाटीवाटीनं गेस्ट बसवायचो, तिथं आता ऐसपैस जागा द्यावी लागते.

एका गेस्टचा शेजारच्या गेस्टला होणाऱ्या त्रासाबद्दल आधी इथं जे लिहिलं होतं ते खोडतोय. एक गेस्ट एक-एक एमबीचे ब्लॉक पाठवू लागलं की चार केबीवाल्याचा लेटन्सी (उत्तराला लागणाऱ्या वेळेचा) आलेख उभा चढायचा, कारण पाळी विनंतीगणिक लागायची, बाइटगणिक नाही. नव्या फर्मवेअरमध्ये प्रत्येक व्हीएफला वेगाची मर्यादा घालता येते आणि आलेख सपाट झाला. तक्रार मागे. दोन सॉकेटचं (दोन सीपीयूंचं) मशीन असेल तर मात्र कार्ड ज्या सॉकेटला लागलंय तिथलेच कोअर गेस्टला द्या. पलीकडून आलं की फरक दिसतो.

एवढ्यावरून कार्ड बदलणार का? एनव्हिडियाच्या ए100 जीपीयूवर 2020 पासून एमआयजी (एका जीपीयूचे वेगळे तुकडे पाडण्याची सोय) आहे. जास्तीत जास्त सात तुकडे होतात, आणि जागा असेल तर चालत्या तुकड्यांना न हलवता नवा पाडता येतो. म्हणजे हे जमतं! पण माझं काम जीपीयूचं नाही. इंटेलच्या स्केलेबल आयओव्हीत (कार्ड वाटण्याच्या नव्या पद्धतीत) व्हीएफच्या जागी 20 बिटांचा पासिड, म्हणजे प्रोसेसच्या मेमरीचा क्रमांक, ओळख देतो. 2023 मध्ये आलेल्या इंटेलच्या सॅफायर रॅपिड्स सीपीयूमध्ये तर अनेक प्रोसेस एकाच सामायिक रांगेत 64 बाइटचा आदेश टाकतात आणि रांग भरलेली असेल तर ती सूचनाच 'पुन्हा ये' म्हणून सांगते. छानच. फक्त त्यासाठी सीपीयू, बोर्ड, रॅम सगळं नवं घ्यायचं, आणि जुनं अजून ठणठणीत आहे.

तेव्हा एका रात्री चौघांना थांबवून आठ व्हीएफ करून टाकले. पाच वापरात, तीन रिकामे, त्यांच्या 24 रांगा फुकट पडून. स्पेसिफिकेशन बदला असं मी कंपनीला म्हणत नाहीये. रांगांची वाटणी हातानं करू द्या एवढंच मागितलंय, ती त्यांच्याच ड्रायव्हरमध्ये आहे. सपोर्टनं 'अपेक्षित वर्तन' असा शेरा मारून तिकीट बंद केलं. मी ते परत उघडलंय.