सोलापुरी टर्किश टॉवेल: दहा महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीत सोलापूरला मावसबहिणीकडे गेले होते, येताना दोन टॉवेल घेतले. दोन्ही सुती, ७५ बाय १५० सेंटिमीटर. एक ४०० जीएसएमचा, दुसरा ६०० चा. जाड म्हणजे भारी, म्हणून ६०० चा माझा आणि ४०० चा नवऱ्याला. इथेच फसले.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. हिशेबाने माझा टॉवेल कोरडा असतानाच पाऊण किलोच्या थोडा आत. केस धुऊन डोक्याला गुंडाळला की मान अवघडते.

पहिले काही दिवस तर दोन्ही टॉवेल पाणी नुसतं अंगावर पसरवत होते. नव्या कापडाला मऊपणासाठी लावलेलं असतं ते धुऊन जावं लागतं. तीन धुण्यांनंतर ते नीट टिपायला लागले. मग मीच शहाणपणा करून फॅब्रिक सॉफ्टनर घातलं आणि पुन्हा तेच! त्याचा थर फाशांवर, म्हणजे टॉवेलवर उभ्या असलेल्या धाग्याच्या बारीक वेढ्यांवर बसतो. आता साबणाची पावडरही निम्मीच घालते आणि वाळत घालण्याआधी दोनदा जोरात झटकते. फासे उभे राहतात, टॉवेल पापडासारखा होत नाही.

हे फासेच टर्किशचं मर्म. मागावर ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, दोन प्रकारचा, एक घट्ट ताणलेला आणि एक सैल. सैल धाग्याचे दोन्ही बाजूंना फासे उभे राहतात, पाणी धरतात ते हेच. पण गाठ कुठेच नसते. जूनमध्ये माझ्या बांगडीत एक फासा अडकला. मी ओढला, आणि वीतभर रेघ उसवली. ओढायचं नसतं, कात्रीने कापायचं. बाकीची वीण सुटत नाही.

खरी परीक्षा जुलैत, डोंबिवलीच्या बाल्कनीत. ४०० चा पंख्याखाली रात्रीत वाळायचा. ६०० चा दुसऱ्या दिवशीही काठाच्या पट्टीशी दमट, आणि चौथ्या दिवशी तो कुबट वास. सासरे त्यांचा पंचा दाखवून हसायचे. पंचा तासाभरात वाळतो हे खरंच, पण लांब केस पंच्याने पुसून बघा म्हणावं.

आता ४०० चा माझ्याकडे आहे. नवरा कुरकुरला, पण दिला. रंग अजून तसाच आहे, काळ्या कपड्यांवर लव चिकटायची तीही दुसऱ्या महिन्यात थांबली. ६०० चा थंडीपर्यंत कपाटात. मावसबहिणीला ४०० चेच आणखी दोन सांगितलेत, त्यातला एक चॉकलेटी, मेंदीच्या दिवसासाठी.