पाळणाघर सोडताना महिनाभराची नोटीस : सोळा महिन्यांनंतरचा अनुभव

2017 पासून बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, हेही त्याच वर्षीच्या कायदेदुरुस्तीत आलं. आमच्या ऑफिसात आम्ही बाराच जण. म्हणून लेकाला घरगुती पाळणाघराशिवाय पर्याय नव्हता.

पहिलं पाळणाघर आठ महिन्यांत सुटलं. गुरुवारी रात्री मेसेज आला, "सोमवारपासून बंद करतोय." सांगलीहून आई येईपर्यंत मी सहा दिवस बिनपगारी रजा काढली. लेक मात्र रोज सकाळी चपला घालून दाराशी उभा राहायचा.

म्हणून सिंहगड रोडवरच्या या काकूंकडे गेले तेव्हा नियम आधी विचारले. त्यांनी हाताने लिहिलेलं एक पानच दिलं. फी 7,000, आगाऊ, आणि तेवढीच अनामत. सोडायचं तर पूर्ण महिना आधी सांगायचं, नाहीतर अनामत परत नाही. "तुम्ही बंद करणार असाल तर दोन महिने आधी सांगाल," ही ओळ मी आग्रहाने घालून घेतली. काकूंनी लगेच लिहिली.

तेव्हा अनामत जड वाटली होती. पण काकू सहाच मुलं घेतात. एक मूल अचानक गेलं की त्यांची एक षष्ठांश कमाई जाते, मदतीला येणाऱ्या मावशींचा पगार मात्र द्यावाच लागतो. शिवाय जागा नाही म्हणून परत पाठवलेले आईवडील तोवर दुसरीकडे लागलेले असतात. हे मी सोळा महिने जवळून पाहिलं, आणि महिनाभराची अट रास्तच आहे असं माझं ठाम मत झालं.

अडलं एकाच ठिकाणी. मी 15 मेला सांगितलं, कारण जूनच्या मध्यात नर्सरी सुरू होणार होती. माझ्या हिशोबाने 14 जूनला महिना भरत होता, काकूंच्या हिशोबाने 30 जूनला, कारण फी एक तारखेपासून मोजतात. पानावर तारखेचा उल्लेखच नव्हता. 3,500 रुपयांचा प्रश्न होता. प्रवेश घेताना हे नक्की लिहून घ्या, आणि मे महिन्यात गावी गेलात तर फी पूर्ण की अर्धी, तेही.

मी पूर्ण जूनचे पैसे दिले. ते दोन आठवडे लेक शाळेतून साडेअकराला सुटून काकूंकडेच जायचा, वरणभात खाऊन आपल्या गोधडीवर झोपायचा. नव्या शाळेत रडून आलेल्या मुलाला ओळखीची उशी मिळाली, हे मला त्या पैशांहून मोठं वाटतं.

30 तारखेला काकूंनी पाकिटातून पूर्ण अनामत परत दिली, सोबत त्याची लाल वाटी धुऊन पुसून. दुसऱ्या दिवशी त्याच्या खुंटीला दुसऱ्या बाळाची पिशवी लागली. त्या घराला काकूंनी मे महिन्यातच होकार दिला होता.