भिंतीवरचे सागवानी कपाट: दहा महिन्यांच्या वापरानंतर

जानेवारीच्या मध्यावर स्वतः बनवलेले सागवानी कपाट मी पुण्यातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगले. मे महिन्यात ते पुसताना वरच्या कडेमागे पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट दिसली, आणि आठवड्याभरात ती चार मिलिमीटरांची झाली. आत डाळींच्या बरण्या होत्या आणि खाली ओटा होता, म्हणून त्याच रात्री सगळे रिकामे करून कपाट उतरवले.

कपाट अडीच फूट रुंद, दोन फूट उंच आणि आठ इंच खोल आहे. लाकूड आजोळच्या घराच्या जुन्या चौकटींचे असल्यामुळे ते विकत घ्यावे लागले नाही; चिरून, रंधून 19 मिलिमीटर जाडीच्या फळ्या मिळाल्या. रिकाम्या कपाटाचे वजन 16 किलो आणि भरल्यावर 36 किलो भरते. टांगण्यासाठी एकच पट्टी 45 अंशांत लांबीने चिरून तिचा एक भाग भिंतीला आणि दुसरा कपाटाच्या पाठीला लावला. भिंतीवरच्या पट्टीचा उतार भिंतीकडे असतो, त्यामुळे कपाट वरून अलगद बसवले की स्वतःच्या वजनानेच ते भिंतीला चिकटून राहते. ही पद्धत मला आजही उत्तम वाटते.

सुरुवातीला मी दोष सागवानाला दिला. एवढे जड लाकूड वापरायलाच नको होते, प्लायवूडमध्ये काम हलके झाले असते, असे मी घरात बोलूनही दाखवले. नंतर कागदावर हिशेब मांडला. भार भिंतीपासून सरासरी चार इंचांवर आणि पट्टीपासून खालच्या कडेपर्यंतचे अंतर सुमारे वीस इंच धरले, तर पट्टीला भिंतीपासून बाहेर ओढणारा जोर सुमारे सात किलोच निघतो. दारे उघडल्यावर तो थोडा वाढतो, इतकेच. चार स्क्रूंना एवढा जोर मुळीच जड नाही. म्हणजे सागवान निर्दोष होते आणि चूक भिंतीतल्या भोकांत होती.

आमच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांनी भरलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या आहेत. या ब्लॉकची घनता साधारण 550 ते 650 किलो प्रति घनमीटर असते, म्हणजे टांगलेले सागवान आणि त्याला धरणारी भिंत जवळपास सारख्याच घनतेची. विटेच्या भिंतीच्या सवयीने मी ड्रिल हॅमरवर, म्हणजे ठोके देत फिरेल असे ठेवून भोके पाडली, आणि त्या हादऱ्यांनी ठिसूळ ब्लॉक आतून भुगा होऊन भोके सैल झाली. त्यात प्लग, म्हणजे स्क्रू पकडायला भोकात बसवायच्या नळ्या, निवडले 35 मिलिमीटरचे. गिलाव्याचे 15 मिलिमीटर वजा केले, तर ब्लॉकमध्ये जेमतेम 20 मिलिमीटरच उरत होते. घरात जुने प्लग पडून होते म्हणून नवे घेतले नाहीत, आणि या काटकसरीचा मला आजही राग येतो, कारण लाकडावर दोन महिन्यांचे रविवार घालवले होते आणि भिंतीवर मात्र अर्धा तास.

दुसऱ्या वेळी हॅमर बंद ठेवून, ड्रिल नुसते फिरवत भोके पाडली, ती फुंकून साफ केली आणि अशा ब्लॉकसाठी मिळणारे लांब नायलॉनचे प्लग बसवले. पट्टीची 19, गिलाव्याची 15 आणि ब्लॉकमधली 60 मिलिमीटर खोली धरून 100 मिलिमीटरचे सहा स्क्रू घेतले, आणि जुनी भोके टाळण्यासाठी पट्टी तीन इंच वर सरकवली. पाणसळ लावूनच पहिला स्क्रू आवळला.

जुलैत नवी काळजी सुरू झाली: दारे फुगून एकमेकांना घासू लागली. मी रंधा काढलाच होता, पण ओळखीच्या सुतारकाकांनी थांबवले. ‘‘आत्ता तासलंत तर दिवाळीत मधे फट पडेल, थोडा धीर धरा,’’ असे ते म्हणाले. लाकूड फुगते ते रेषांना आडवे, लांबीत जवळजवळ नाही. दारांचे दिलहे, म्हणजे चौकटीच्या मधल्या फळ्या, मी चौकटीच्या खाचेत फेव्हिकॉल न लावता मोकळे ठेवले होते, म्हणून ते तडकले नाहीत आणि घर्षण फक्त कडांवरच राहिले. नोव्हेंबरात दोन्ही दारे रंध्याला हात न लावता पुन्हा सहज मिटू लागली, तेव्हा झालेला आनंद कपाट पहिल्यांदा टांगतानाच्या आनंदापेक्षा मोठा होता.

खोली आठच इंच ठेवल्यामुळे मोठी ताटे आत मावत नाहीत, ही तक्रार घरात कायम आहे आणि ती रास्त आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी वरच्या कडेमागे तेच पोस्टकार्ड सरकवून पाहतो. मेपासून ते एकदाही आत गेलेले नाही.