15 गिगाहर्ट्झ मायक्रोवेव्ह टर्मिनल: नाशिकच्या पावसात टिकवायचं तर
इनडोअर आणि आउटडोअर (ओडीयू) अशा दोन भागांतलं हे टर्मिनल अंबड-सातपूरच्या कारखान्यांना बिनतारी जोडायला दमदार आहे, पण बसवणाऱ्याचा हात पक्का हवा. 0.6 मीटरच्या डिशचा बीम जेमतेम सव्वादोन अंशांचा. 8 किलोमीटरच्या हॉपला (दोन डिशांमधल्या टप्प्याला) 20 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक) पॉवरवर सिग्नल उणे 40 डीबीएमच्या आसपास यायलाच हवा. उणे 60 दिसत असेल तर डिश साइड लोबवर (मुख्य बीमच्या बाजूच्या कमजोर बीमवर) अडकलीय, नाहीतर एका टोकाचं पोलरायझेशन (लहरींची उभी-आडवी दिशा) फिरलंय. एजीसीला (सिग्नलची ताकद व्होल्टेजमध्ये दाखवणाऱ्या जोडणीला) मल्टिमीटर लावा, नट सैल करून डिश डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून बघा. तीन शिखरांतलं मधलं, सर्वांत उंच, तेच खरं. मग उभा कोन. नट आवळताना रीडिंग सरकतं, नजर हटवू नका.

एक टोक हाय आणि दुसरं लो सब-बँडचं (फ्रिक्वेन्सीच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्याचं) नसेल तर लिंक उठतच नाही. ओडीयूचं लेबल टॉवरवर चढवण्याआधीच वाचा. इनडोअर भाग आणि ओडीयू जोडणाऱ्या आयएफ केबलमधून उणे 48 व्होल्ट जातात, म्हणून कनेक्टर काढण्याआधी पॉवर बंद. एन-कनेक्टरवर रबर टेप ताणून गुंडाळली नाही तर आषाढात पाणी शिरतंच. पोलरायझेशन उभं घ्या, पावसात सिग्नलची घट त्यातच कमी होते. सॉफ्टवेअर सोपं, मॅन्युअल मात्र फारच त्रोटक.

डब्ल्यूपीसीकडून (केंद्राच्या दूरसंचार विभागाची फ्रिक्वेन्सी देणारी शाखा) फ्रिक्वेन्सी मिळाल्याशिवाय ट्रान्समिट चालू करू नका.